वाराय

शाळेचं छप्पर कुठे गेलं, एकमत होईना.
कुणी म्हणे समुद्रात, कुणी म्हणे खाडीपलीकडे,
एका खुराड्यावर बसलंय, अगदी मापात.
आम्ही ताडपत्री ताणली, दोन बाकं जोडली
आणि तिसरीचा वर्ग दवाखाना झाला.

मी डॉक्टर नाही. मी गोळ्या मोजते.
पट्टी कापायची, पाकिटात घालायची,
पाकिटावर सूर्य काढायचा, नाहीतर चंद्र.
एक सूर्य म्हणजे सकाळी एक.
पहिल्याच दिवशी क्रिसांता म्हातारी
माझा चंद्र बघून काहीतरी म्हणाली
आणि अख्खी रांग हसली.
‘ती म्हणते, हे केळं आहे,’ एल्पिदियो मास्तर म्हणाले,
‘रात्री केळं खायचं का, विचारते.’
त्या किनाऱ्यावर तेव्हा एक केळ उभी नव्हती.

मास्तर आमची जीभ होते.
सामार बेटावरची ती बोली
इंग्रजीत घालून आमच्या हाती द्यायचे,
गरम भांडं फडक्यात धरून द्यावं तशी.

एक शब्द मात्र मी त्यांच्याविना शिकले,
आणि चुकीचा शिकले.
फॉर्म भरताना विचारायचं : घर?
वाराय.
होडी?
वाराय.
चष्मा, आधीची औषधं, मुलाचा जन्मदाखला?
वाराय, वाराय.
मला वाटलं, वारा सांगताहेत.
आई असंच म्हणायची,
‘वाराय बाहेर, दार ओढून घे.’
दीड दिवस मी मान डोलवत राहिले :
हो ना, वारा. केवढा तो वारा.
मग मास्तरांनी भिंतीच्या उरलेल्या फळ्यावर लिहून दाखवलं.
वाराय म्हणजे नाही.
काही नाही.
मी मागचे सगळे फॉर्म काढले
आणि पहिल्यापासून वाचले.

जगाने खोकी पाठवली होती.
मुदत संपलेलं खोकल्याचं औषध,
केस सरळ करायचं मलम, बारा डझन,
आणि लोकरीचे कोट, त्या उकाड्यात.
क्रिसांताने सर्वांत लांब कोट निवडला,
उन्हात पसरला,
त्यावर भिजलेलं भात वाळत घातलं.
दुपारी बीपी बघायला आली. रोज यायची.
बीपी चांगलं होतं. रोज चांगलं होतं.
तरी दंड पुढे करून बसायची, पुन्हा बघ म्हणून.

अकराव्या दिवशी खोकी बांधली. बोट सहाची.
मास्तर येऊन पेशंटच्या खुर्चीवर बसले.
आपल्या बोलीत एक वाक्य बोलले
आणि मग, नेहमीसारखं, इंग्रजीत :
‘पेशंट म्हणतो, त्याला झोप लागत नाही.’
डॉक्टर नाझनीन हातातली दोरी ठेवून समोर बसल्या.
‘कधीपासून?’
मास्तरांनी तो प्रश्न स्वतःला विचारला, त्यांच्या भाषेत.
थांबले. उत्तर ऐकलं.
‘वादळाच्या रात्रीपासून.
पेशंट म्हणतो, दोरी त्याच्याच हातात होती.’
‘घरी कोण कोण असतं?’
हेही विचारलं त्यांनी स्वतःला.
उत्तर एका शब्दाचं आलं.
त्याचं भाषांतर त्यांनी केलं नाही.

झोपेची गोळी आमच्याकडे नव्हती.
डॉक्टर त्यांचं मनगट धरून बसल्या,
नाडी मोजून कधीच झाली होती तरी.
मी पाकीट घेतलं. काय घालावं कळेना.
दहा व्हिटॅमिनच्या गोळ्या घातल्या, वर नाव लिहिलं,
चंद्र काढला.
मास्तरांनी पाकीट उजेडाकडे धरलं.
‘केळं,’ म्हणाले.
मग माझ्या हातातलं पेन घेऊन
नावातली माझी चूक दुरुस्त केली,
पाकीट खिशात घातलं,
आणि सर्वांत जड खोकं उचलून
आमच्यापुढे बोटीकडे चालू लागले.